देवदूताची खूण आणि कुत्र्याची खूण

जुन्या घरांच्या ओटीवर जशी पवित्र हृदयाची तसबीर असे, तशीच काही सुखवस्तू घरांत आणखी एक आकृती सर्वांच्या परिचयाची होती. पितळी कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला तो पांढरा, काळ्या कानांचा कुत्रा. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे ग्रामोफोनला 'कुत्रा छाप' एवढेच म्हणत. तो कुत्रा आपल्या मृत धन्याच्या शवपेटीवर बसून त्याचा आवाज ऐकतो आहे, अशी एक हृदयद्रावक कथाही आम्हांला सांगितली गेली होती. ती निराधार आहे हे पुष्कळ पुढे कळले. मात्र त्या कुत्र्याच्या आधी त्याच कंपनीच्या तबकड्यांवर देवदूताची खूण होती, हे आम्हांला कोणीच सांगितले नव्हते. पुढे पुस्तके चाळताना ते समजले, आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस' या नावाने आपण जिला ओळखतो त्या ग्रामोफोन कंपनीची कथा आमच्या वाचकांसमोर ठेवावी असे वाटू लागले. ही कथा व्यापाराची खरीच. परंतु ती व्हॅटिकनच्या दारातून, कलकत्त्याच्या एका कोठीतून आणि गोव्याच्या धर्मग्रामांतील पाठशाळांतूनही गेलेली आहे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. त्यात ध्वनी एका नळकांड्यावर कोरला जाई. नळकांड्याच्या पुष्कळ प्रती काढणे मात्र जिकिरीचे होते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे १८५१ मध्ये एका यहुदी कुटुंबात जन्मलेले एमिल बर्लिनर हे तरुणपणी अमेरिकेत गेले आणि १८८७ साली त्यांनी सपाट तबकडीच्या यंत्राचे, म्हणजे ग्रामोफोनचे, पेटंट घेतले. सपाट तबकडीचा गुण असा की, एकदा मूळ ठसा तयार झाला की शिक्का मारावा तशा हजारो प्रती काढता येतात. ध्वनीची छपाई येथे सुरू झाली. गुटेनबर्गने जे अक्षरांचे केले, ते बर्लिनर यांनी स्वरांचे केले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बर्लिनर यांचे प्रतिनिधी विल्यम बॅरी ओवेन १८९७ साली लंडनला आले आणि ट्रेव्हर विल्यम्स यांच्या भांडवलावर १८९८ मध्ये ग्रामोफोन कंपनी उभी राहिली. तबकड्या छापण्याचा कारखाना हॅनोव्हर येथे बर्लिनर यांच्याच भावाने काढला. ध्वनिमुद्रणासाठी अमेरिकेहून फ्रेड गाइसबर्ग हा पंचविशीचा तरुण आला. पियानो वाजवणारा, गोड बोलणारा आणि पेट्या भरून देशोदेशी हिंडण्याची हौस असलेला हा माणूस नसता, तर या कंपनीचा इतिहास केवळ हिशेबाच्या वह्यांत राहिला असता. याच सुमारास देवदूताची ती खूण आली. पंख असलेला एक बालदेवदूत तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीने लिहितो आहे, असे ते चित्र. त्या काळी तबकडीच्या एकाच बाजूवर गाणे असे. मागच्या कोऱ्या बाजूवर हा देवदूत उठवलेला असे. माणसाच्या प्रत्येक कृत्याची नोंद ठेवणारा देवदूत ही कल्पना ख्रिस्ती मनाला जुनीच. एका व्यापारी कंपनीने ती उचलली, याचा राग यावा की कौतुक वाटावे, हे आमचे अद्याप ठरलेले नाही.

१९०२ साल या कंपनीच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी गाइसबर्ग इटलीत गेला. मिलान येथे त्याने एन्रिको कारुसो या तरुण गायकाचे गाणे ऐकले आणि दहा गीतांसाठी शंभर पौंड द्यावयाचे ठरवले. ही रक्कम भरमसाट आहे, मुद्रण करू नये, अशी लंडनहून तार आली म्हणतात. गाइसबर्गने ती मनावर घेतली नाही. हॉटेलातील एका खोलीत कर्णा टांगून एका दुपारी ती दहाही गीते मुद्रित झाली. कारुसोचे नाव जगभर झाले आणि कंपनीची तिजोरीही भरली.

आमच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट रोमला घडली. पोप तेरावे लिओ यांचा आवाज मुद्रित करावा अशी त्याची इच्छा होती; परंतु पोप महाशय नव्वदी ओलांडलेले, प्रकृतीने क्षीण. ते जमले नाही. (त्यांचा आवाज पुढच्या वर्षी बेत्तिनी नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाने मुद्रित केला, त्याच वर्षी जुलैमध्ये पोप महाशय निवर्तले.) गाइसबर्गला सिस्टिन प्रार्थनामंदिराच्या गायकवृंदाचे मुद्रण मात्र करता आले. त्या वृंदात अलेस्सांद्रो मोरेस्की हे त्रेचाळीस वर्षांचे गायक होते. मुलगा वयात येण्यापूर्वी त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याचा कोवळा, उंच आवाज जन्मभर टिकवावयाचा, अशी एक क्रूर रीत इटलीत काही शतके चालली. अशा गायकांना नाटकगृहांनी डोक्यावर घेतले, तसेच देवाच्या मंदिरातही जागा मिळाली. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान आपण सहसा उलगडत नाही. मोरेस्की हे त्या परंपरेतील अखेरच्यांपैकी एक, आणि ज्यांचे एकल गायन तबकडीवर उतरले असे एकमेव. १९०४ साली कंपनीच्या माणसांनी त्यांचे पुन्हा मुद्रण केले.

दोन मुद्रणांच्या मधल्या काळात, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयीचे आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. उपासनेत नाटकी गायन नको, ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान असावे, उंच स्वरांसाठी मुले घ्यावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. जुन्या परंपरेच्या गायकांचे युग त्या पत्राने मिटले. मोरेस्की १९१३ मध्ये निवृत्त झाले आणि १९२२ मध्ये वारले. त्यांच्या तबकड्या आम्ही ऐकल्या आहेत. आवाज थरथरतो, खरखर पुष्कळ आहे, स्वर कोठे कोठे ढळतो. तथापि ऐकून झाल्यावर बराच वेळ बोलावेसे वाटत नाही. त्या गायनात सौंदर्य आहे हे नाकारता येत नाही, आणि ते सौंदर्य कोणाच्या शरीरातून कशाच्या मोलाने काढले गेले हे विसरताही येत नाही.

१९०४ च्या एप्रिलमध्ये महान संत ग्रेगरी यांच्या मृत्यूला तेराशे वर्षे झाल्याचा सोहळा रोमला झाला. त्या प्रसंगी दोम पोथिए आणि दोम मोकेरो या बेनेडिक्टाइन पंडितांच्या नेतृत्वाखालील ग्रेगोरियन गायनही याच कंपनीने मुद्रित केले. आज्ञापत्र निघून पुरते अर्धे वर्षही लोटले नव्हते. जुने गायन आणि त्याची जागा घेणारे गायन, दोन्ही एकाच कंपनीच्या मेणावर, एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी उतरावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आता कलकत्त्याकडे वळू. १९०२ च्या अखेरीस गाइसबर्ग बोटीने तेथे उतरला. नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहरजान या प्रख्यात गायिकेचे मुद्रण केले. गौहरजानचे जन्मनाव अँजेलिना येओवर्ड. वडील आर्मेनियन ख्रिस्ती होते. आईवडिलांचा काडीमोड झाल्यावर आईने मुलीसह इस्लामचा स्वीकार केला, आणि अँजेलिनाची गौहर झाली. नावातच देवदूत असलेली ही बालिका देवदूताची खूण असलेल्या तबकडीवर दुसऱ्याच नावाने गेली! गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव खणखणीतपणे उच्चारते. पुष्कळांना तो तोरा वाटतो. वास्तविक त्यामागे व्यवहार होता. मेणाचे मूळ ठसे बोटीने हॅनोव्हरला जात आणि तेथील जर्मन कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गायकांनी शेवटी नाव सांगावे असा प्रघात पडला.

मुद्रणाची पद्धत समजून घेतली म्हणजे त्या गायकांविषयीचा आदर वाढतो. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे. त्या ध्वनीने पातळ पडदा कंप पावे, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर रेघ कोरीत जाई. तान वरच्या सप्तकात गेली की गायकाला मागे ओढावयाचे, आवाज खाली आला की पुढे ढकलावयाचे. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. रात्ररात्र चालणारा राग तीन मिनिटांत बसवणे हा तर मोठाच पेच होता. पुष्कळ बुजुर्गांनी यंत्रापुढे गाण्यास साफ नकार दिला. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज तबकड्यांवर राहिला. भास्करबुवा बखल्यांचा राहिला नाही. बुवांच्या शिष्यांच्या गाण्यातून आपण त्यांचा अंदाज करावयाचा, एवढेच हाती उरले.

या व्यवहारात हिंदुस्थानचा आणखी एक वाटा होता, तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तबकडी ज्या द्रव्याची बने त्यातील मुख्य घटक लाख. ती पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळते, आणि जगाला ती मुख्यतः छोटा नागपूर व त्याच्या आसपासच्या रानांतून पुरवली जाई. रानात आदिवासी स्त्री-पुरुषांनी गोळा केलेली लाख कलकत्त्याच्या बंदरातून युरोपला जावी, तेथे तिच्यावर गौहरजानचे गाणे उठवले जावे आणि ती तबकडी पुन्हा कलकत्त्याला विकावयास यावी, असा तो प्रवास. पुढे १९०८ साली कंपनीने कलकत्त्यातच सियालदहजवळ कारखाना काढला आणि १९२८ साली दमदमला मोठा कारखाना उभा राहिला. लाख गोळा करणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी ग्रामोफोन ऐकला असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कुत्र्याचे सांगावयाचे राहिले. निप्पर हे त्याचे नाव. तो १८९५ साली मेला. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा. भावाच्या मृत्यूनंतर चित्रकाराकडे आला. निप्पर गेल्यावर बॅरॉडने त्याचे चित्र काढले, ते फोनोग्राफसमोर बसलेले. १८९९ मध्ये चित्रात रंगवण्यासाठी चांगला पितळी कर्णा मिळावा म्हणून तो ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला. ओवेनने चित्र पाहिले आणि अट घातली की, यंत्र बदलून आमचे यंत्र काढा, म्हणजे विकत घेऊ. पन्नास पौंड चित्राचे आणि पन्नास हक्काचे ठरले. बॅरॉडने फोनोग्राफवर रंग चढवून ग्रामोफोन काढला. गंमत अशी की, फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज मुद्रित करता येई, म्हणून त्यातून कुत्र्याने आपल्याच धन्याचा आवाज ऐकणे शक्य होते. ग्रामोफोनवर ते मुळीच शक्य नव्हते; त्यातून कंपनीने विकलेलेच ऐकावयाचे. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात हे आपण शुभवर्तमानात वाचतो. या चित्रातील इमानी प्राण्याच्या समोर मात्र परक्याचा आवाज आणून ठेवला गेला, आणि नाव तेच राहिले. जगातील व्यापारचिन्हांत याच्याइतके लोभस आणि याच्याइतके खोटे चिन्ह दुसरे नसावे. १९०९ पासून इंग्लंडमधील तबकड्यांवर देवदूत मागे पडला आणि कुत्रा आला.

पुढील इतिहास वेगाने सांगू. टाइपरायटर विकण्याचा एक फसलेला उद्योग कंपनीने मध्यंतरी करून पाहिला. १९०७ पर्यंत तिच्या नावात 'टाइपरायटर' हा शब्दही होता. त्याच वर्षी लंडनजवळ हेज येथे नव्या कारखान्याचा पाया गायिका नेली मेल्बा हिच्या हस्ते घातला गेला. पहिल्या महायुद्धाने सारे उलटेपालटे केले. हॅनोव्हरचा कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून जर्मन सरकारने ताब्यात घेतला आणि विकला. तीच आजची डॉइश ग्रामोफोन. रशियातील व्यवसाय क्रांतीत बुडाला. १९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि कर्ण्यात ओरडण्याचे दिवस संपले. मग जागतिक मंदी. १९३१ साली ही कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कोलंबिया यांचे एकत्रीकरण होऊन इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज, म्हणजे ई.एम.आय., जन्मास आली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला लंडनच्या ॲबी रोडवरील मुद्रणगृहाचे उद्घाटन झाले. संगीतरचनाकार एडवर्ड एल्गार यांनी तेथे वाद्यवृंदाचे संचालन केले. एल्गार कॅथलिक होते, हे जाता जाता नमूद करतो.

मुंबईत या कंपनीचे मुद्रणगृह म्हणजे मराठी गाण्याचे एक माहेरघर झाले. नागपूरकडचे वकील गजानन वाटवे नव्हेत, जी. एन. जोशी, नावांचा घोटाळा पुष्कळ जण करतात म्हणून स्पष्ट केले. ते आधी भावगीतगायक म्हणून तबकड्यांवर आले आणि १९३८ पासून कंपनीत मुद्रणाचे काम पाहू लागले. अनेक थोर गायक-वादकांना त्यांनी आर्जवाने मायक्रोफोनपुढे आणले. त्यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

मुंबईचीच आणखी एक गोष्ट आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या धर्मग्रामांतील पाठशाळांत मुलांना देवळातील गायनासाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. मिस्सासाठी मिळालेली ही विद्या घेऊन गोव्याचे तरुण मुंबईत आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. कारण उघड होते: पन्नास वादकांनी एकाच वेळी बिनचूक वाजवावयाचे तर ते कागदावर लिहिलेले हवे, आणि तो कागद लिहिणारे व वाचणारे हेच होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने वाजवणारे आंतोनियो झेवियर वाझ... लाखो तबकड्यांवर यांची कामगिरी वाजली. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर चित्रपटाचे नाव असे, संगीतकाराचे असे, गायकाचे असे. यांचे नसे. गायकांची स्थितीही आरंभी फार निराळी नव्हती. 'महल' चित्रपटातील गाण्याच्या तबकडीवर १९४९ साली लता मंगेशकर यांच्याऐवजी पात्राचे, 'कामिनी' हे नाव छापले गेले होते. परंतु गायकांसाठी ती रीत लवकरच बदलली. वाद्यमेळ रचणाऱ्यांसाठी बदलली नाही. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत गेले ते १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते त्यात घातले. लोक हसले, नाचले. त्या नावाचा माजोर्ड्याचा एक खराखुरा वादक आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते निवर्तले. गौहरजानला निदान स्वतःचे नाव स्वतः उच्चारता आले होते.

युद्धानंतर ई.एम.आय.ने लांब वाजणाऱ्या तबकडीचे महत्त्व ओळखण्यात चार वर्षे दवडली; १९६२ मध्ये मात्र इतरांनी नाकारलेल्या बीटल्स या चौघा पोरांना पदरी घेऊन ती भरपाई केली. याच कंपनीच्या हेज येथील प्रयोगशाळेत गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी सी.टी. स्कॅन यंत्र सिद्ध केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बीटल्सच्या पैशावर ते यंत्र उभे राहिले असे सर्रास सांगितले जाते. संशोधनाच्या खर्चाचा मोठा भाग वस्तुतः ब्रिटिश सरकारच्या आरोग्यखात्याने उचलला होता. यंत्राने रुग्ण तारले, कंपनी तारली नाही. त्या व्यवसायात तोटा येऊन १९७९ मध्येच ती थॉर्न कंपनीत विलीन झाली. भारतात कॅसेटच्या लाटेपुढे दमदमची मक्तेदारी टिकली नाही. १९८५ च्या सुमारास भारतीय कंपनी गोएंका समूहाकडे गेली आणि २००० साली तिचे नाव सारेगामा झाले.

देवदूत मात्र पुन्हा प्रकटला. अमेरिकेत कुत्र्याच्या चिन्हावर आर.सी.ए. कंपनीचा हक्क होता; म्हणून १९५३ मध्ये ई.एम.आय.ने तेथे अभिजात संगीतासाठी 'एंजल' या नावाने जुनीच खूण पुन्हा वापरात आणली. याच नावाखाली १९९४ साली स्पेनमधील सिलोस मठाच्या बेनेडिक्टाइन संन्याशांचे ग्रेगोरियन गायन निघाले आणि पॉप गायकांच्या मांदियाळीत जाऊन लाखोंनी खपले. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली. त्याचा आम्हांला आनंदच आहे, कारण मराठीत मिस्सा ऐकतच आम्ही वाढलो. लॅटिन गायन आमच्या वाट्याला फक्त इतिहासाच्या तासाला आले होते. कोणी एकाने ती कॅसेट आणली आणि आम्ही दहाबारा जण वसतिगृहातील एका खोलीत दाटीवाटीने बसून ती ऐकली. स्वतःच्या घरातील दागिना बाजारातून परत विकत आणावा, तसे काहीसे ते होते. दुसऱ्या दिवशी आमच्या वयोवृद्ध प्राध्यापकांना आम्ही उत्साहाने ते सांगितले. ते म्हणाले, "बाळांनो, संन्याशी पहाटे उठून गातात ते कोणी ऐकावे म्हणून नव्हे," आणि मग थोडे थांबून त्यांनी ती कॅसेट दोन दिवसांसाठी मागून घेतली.

पुढची हकीकत बाजाराची आहे. २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक संस्थेने प्रचंड कर्ज काढून ई.एम.आय. विकत घेतली. कर्ज फिटेना, तेव्हा २०११ मध्ये सिटीग्रुप बँकेने ती ताब्यात घेऊन तुकडे विकावयास काढली. २०१२ साली ध्वनिमुद्रणे युनिव्हर्सलकडे गेली, गीतांचे हक्क सोनीप्रणीत गटाकडे. युरोपीय आयोगाने घातलेल्या अटीमुळे काही भाग पुढच्या वर्षी वॉर्नरला विकावा लागला आणि अभिजात संगीताचा युरोपीय साठा त्यात गेला. एकशे पंधरा वर्षांची कंपनी स्वतंत्र म्हणून उरली नाही.

काही वर्षांपूर्वी धर्मगुरुनिवासाच्या माळ्याची दुरुस्ती करताना आम्हांला एक लाकडी खोके सापडले. आत अकरा तबकड्या. पूर्वीच्या कोण्या धर्मगुरूंनी ठेवलेल्या. दोन तडकलेल्या आहेत. उरलेल्या नऊंत मराठी नाट्यपदे आहेत, नाताळची इंग्रजी गीते आहेत आणि एका कोंकणी तबकडीवरचा गोल कागद वाळवीने खाल्ला आहे. गावातील एका तरुणाने जुने यंत्र मिळवून त्या संगणकावर उतरवून दिल्या. कोंकणी तबकडीवर व्हायोलिन फार सुरेख वाजले आहे. ते कोणाचे, हे ओळखणारे कोणी वाचकांत असल्यास त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर येऊन ऐकावे.